पाना घरात, उस्ताद गॅरेजात

वैजापूर तालुक्यातल्या साध्या घरात मोटारसायकल आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. सकाळी तिच्यावर दुधाचे कॅन डेअरीवर जातात, मग मुले शाळेत, मग घरचा कर्ता कामावर. दुपारी अम्मीला दवाखान्यात न्यायचे असते, संध्याकाळी बाजारातून पिशव्या आणायच्या असतात. तालुक्यातून समृद्धी महामार्ग जातो, पण त्यावर दुचाकीला परवानगी नाही. आपली गाडी धावते ती गंगापूर, लासूर स्टेशन, येवला, शिऊर या जुन्या रस्त्यांवर आणि त्यांना फुटणाऱ्या वाडी-वस्तीच्या वाटांवर. उन्हाळ्यात तिथे फुफाटा असतो, पावसाळ्यात काळी माती चाक आणि मडगार्डच्या मध्ये अशी बसते की चाकच फिरत नाही. ऊस आणि कांद्याच्या हंगामात ट्रॉल्यांनी उखडलेला रस्ता वेगळाच. अशा ठिकाणी गाडी एक दिवस बंद पडली तर घरातल्या तिघा-चौघांचा दिवस बुडतो.

म्हणून प्रश्न येतो: गाडीची देखभाल घरी करावी की गॅरेजवर पैसे द्यावेत? शिक्षकांच्या स्टाफरूममध्ये या विषयावर दोन पक्ष आहेत. एक पक्ष म्हणतो, मोबाइलवर सगळे व्हिडिओ आहेत, पाच मिनिटांच्या कामाचे मेकॅनिकला पैसे कशाला? दुसरा म्हणतो, आपण खडू धरणारी माणसे, पाना आपल्या हातात शोभत नाही. आम्हाला दोन्ही पक्ष अर्धेच पटतात. पैसे वाचवण्यासाठी घरी काम करायचे हे पहिल्यांचे गणितच चुकीचे आहे, आणि पाना शोभत नाही ही दुसऱ्यांची समजूत धोक्याची आहे.

आधी गणित पाहू. रोज जाऊन-येऊन चाळीस किलोमीटर करणारा शिक्षक महिन्याला हजार किलोमीटरपर्यंत पोहोचतो. दर तीन हजारांना ऑइल बदलायचे म्हटले तर वर्षात चार वेळा. ऑइलच्या डब्याचे पैसे घरी बदलले तरी द्यावे लागतात आणि गॅरेजवर बदलले तरी. वाचते ती फक्त मजुरी. चार वेळची ती मजुरी एकत्र केली तर आमच्याकडच्या भावाने अर्धा किलो मटण येईल, फार तर थोडे वर. एवढ्यासाठी रविवारची सकाळ घालवायची, अंगणात काळे डाग पाडायचे आणि घरातल्यांची बोलणी खायची, यात बचत कुठे आहे?

घरी काम करण्याचे खरे कारण वेगळे आहे. मेकॅनिक गाडी तीन महिन्यांतून एकदा पाहतो, आपण रोज पाहतो. ब्रेकचा दांडा थोडा जास्त खाली जाऊ लागला, चेन एका बाजूला कुरकुरू लागली, मागच्या टायरमध्ये खिळा रुतला, हे ज्याला रोज दिसते त्यानेच ओळखायला हवे. आणि या तीन गोष्टींपैकी कुठलीही गाडीवरच्या माणसाला रस्त्यावर आडवे करू शकते.

पूर्वीच्या पिढीला हे सांगावे लागत नव्हते. राजदूत, येझदी आणि बजाजच्या स्कूटरच्या जमान्यात डिकीत प्लग पाना आणि पॉलिश पेपरचा तुकडा असायचाच. गाडी बंद पडली की स्कूटर तिरपी करायची, प्लग काढायचा, घासायचा, पुन्हा किक. त्या टू-स्ट्रोक गाड्यांत पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावे लागे, ते पेट्रोलबरोबर जळून जाई, प्लगवर काजळी बसे आणि माणसाला आपोआप मेकॅनिकी येई. १९८५ साली दोन गोष्टी घडल्या. हीरो होंडाची सीडी-१०० ही फोर-स्ट्रोक गाडी बाजारात आली आणि आपल्या जिल्ह्यात वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. नव्या गाडीची जाहिरातच अशी होती की टाकी भरा, झाकण लावा आणि विसरून जा. लोक खरोखरच विसरले.

इथेच घोटाळा झाला. फोर-स्ट्रोक गाडीत ऑइल जळून जात नाही, ते इंजिनातच फिरत राहते. तेच ऑइल पिस्टनला, तेच क्लचला, तेच गिअरला. धातूचा बारीक कीस, काजळी, उष्णता, सगळे त्याच्याच अंगावर. गाडी धूर काढत नाही, तक्रार करत नाही, म्हणून मालकाला वाटते सगळे ठीक आहे. आणि मग एक दिवस इंजिनाचा आवाज बदलतो, उस्ताद हेड खोलून दाखवतो आणि बोअर-पिस्टनचे बिल हातात येते. ऑइलची पातळी पाहायला दोन मिनिटे लागतात. गाडी सपाट जागी मेन स्टँडवर उभी करावी, इंजिन दोन-तीन मिनिटे चालवून बंद करावे, थोडे थांबावे, पट्टी पुसून बुडवून पाहावी. बऱ्याच गाड्यांत ही पट्टी आटे न फिरवता नुसती टेकवून पाहायची असते. काही गाड्यांत पट्टीऐवजी इंजिनाच्या बाजूला काच असते. कोणती पद्धत ते गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेत लिहिलेले असते. ती पुस्तिका आपल्याकडे बहुधा विम्याच्या कागदांखाली, प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेर न काढलेली, सापडते.

ऑइल विकत घेताना एक गोष्ट जरूर पाहावी. बहुतेक मोटारसायकलींचा क्लच ऑइलमध्येच बुडालेला असतो, म्हणून कारचे ऑइल तिला चालत नाही. क्लच घसरू लागतो. डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ असे लिहिलेले असावे आणि जाडी, म्हणजे १०डब्ल्यू-३० वगैरे आकडा, पुस्तिकेत दिला असेल तोच असावा.

आता चेनविषयी थोडे सविस्तर, कारण आमच्या मते घरी करण्यासारखे सर्वांत मोठे काम हेच आहे. ज्या गाडीची चेन उघडी असते तिच्यावर आपल्याकडची धूळ बसते, ती ऑइलमध्ये कालवली जाते आणि तिची कानस होते. ही कानस चेन आणि दोन्ही चक्रे खाते. दर पाचशे किलोमीटरला, आणि चिखलातून आल्यावर लगेच, चेन पुसून ऑइल लावावे. साफ करायला रॉकेल किंवा थोडे डिझेल आणि जुना ब्रश. पेट्रोल नको, त्याने आग लागण्याची भीती. नंतर कोरडी पुसून आतल्या बाजूने गिअर ऑइल किंवा चेनचा स्प्रे लावावा आणि जास्तीचे पुसून टाकावे. इंजिनातून काढलेले काळे ऑइल चेनला लावण्याची आपल्याकडे पद्धत आहे. त्यात धातूचा कीस असतो. ज्या कचऱ्यासाठी ते इंजिनातून काढले, तोच आपण चेनला चारतो.

आणि एक इशारा आम्ही प्रत्येक घराला हात जोडून देऊ. चेन साफ करताना इंजिन बंद, चावी काढलेली, गाडी न्यूट्रलमध्ये आणि चाक हाताने फिरवलेले, एवढे पाळाच. गाडी स्टँडवर लावून, सुरू करून, गिअर टाकून फिरत्या चेनला फडके धरणारे लोक आम्ही पाहिले आहेत. फडके चेनबरोबर चक्रात जाते आणि फडक्याबरोबर बोटे. ही दुखापत एका क्षणात होते आणि आयुष्यभर राहते. लहान मुले शेजारी उभी राहून गंमत पाहत असतील तर त्यांना आधी घरात पाठवा.

चेन किती सैल असावी हेही पुस्तिकेत असते. साधारण गाड्यांना खालच्या बाजूला मध्यभागी बोटाने वर-खाली केल्यावर दोन-अडीच सेंटिमीटर हलली पाहिजे. फार घट्ट चेन बेअरिंग खाते, फार सैल चेन धावत्या गाडीत चक्रावरून उतरते. ताण द्यायचा तर मागच्या एक्सलचे नट सैल करून दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवाव्या लागतात, नाही तर चाक तिरके बसते. शेवटी एक्सलचा नट पुरेसा कसला आहे ना, आणि मागचा ब्रेक पुन्हा जुळवला ना, हे पाहावे लागते. ज्याचा यात हात बसलेला नाही त्याने हे काम उस्तादाकडूनच करून घ्यावे. चेन सैल झाली आहे हे ओळखणे मात्र आपले काम.

चेनवरून आठवले. आपल्या घरातल्या बायका, मुली ज्या गाडीवर मागे बसतात तिचे चेन कव्हर आणि मागच्या चाकाशेजारची जाळी, जिला सगळे साडी गार्ड म्हणतात, ही जागेवर आहेत का? केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मध्ये मागे बसणाऱ्यासाठी हाताची पकड, पाय ठेवायची जागा आणि मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारे संरक्षण, या तिन्हींची तरतूद आहे. तरी वयात आलेला मुलगा गाडी हातात पडताच आधी हे काढून टाकतो. त्याला ते म्हातारे दिसते. बुरख्याचा घोळ, ओढणीचे टोक किंवा साडीचा पदर चाकात गेला की मागे बसलेली बाई मागच्या मागे ओढली जाते. ओढणी गळ्याभोवती असेल तर काय होते ते लिहायला हात धजत नाही. ईदच्या दिवशी, लग्नाच्या गर्दीत, अशी न झाकलेली चाके आणि त्यांच्या शेजारी लोंबणारे नवे कोरे कपडे दिसतात. घरातल्या मोठ्यांनी हे सामान पुन्हा बसवून घ्यावे. त्यासाठी गॅरेजवर जे काही पैसे लागतील ते द्यावेत आणि पोराची नाराजी सोसावी. आणि ओढणी, बुरखा आवरून पुढे घेतल्याशिवाय गाडी हलवायची नाही, ही सवय मागे बसणारीनेच लावून घ्यावी. चालवणाऱ्याला मागचे दिसत नसते.

टायरच्या हवेबाबतही असेच. किती हवा हवी हे चेन कव्हरवर किंवा पुस्तिकेत छापलेले असते, आणि दोघे बसल्यावर मागच्या चाकाचा आकडा वेगळा असतो. हवा टायर थंड असताना तपासायची. आठवड्यातून एकदा, पेट्रोल भरताना. आता अनेक घरांत मुली स्कूटीवर कॉलेजला जातात. त्यांना गाडी शिकवताना बाप-भाऊ फक्त ॲक्सिलेटर आणि ब्रेक शिकवतात. हवा पाहणे, ब्रेक सैल झाला हे ओळखणे, दिवे आणि हॉर्न तपासणे हेही त्याच दिवशी शिकवावे. रस्त्यात गाडी बंद पडल्यावर सगळ्यात जास्त अडचण तिचीच होणार असते.

इतके झाले की घरचे काम जवळपास संपते. क्लच आणि ॲक्सिलेटरच्या वायरला ऑइल, बॅटरीच्या टोकांवर पांढरी पूड जमली तर साफ करून थोडी व्हॅसलीन, एअर फिल्टर काढून पाहणे. फिल्टर स्पंजचा असेल तर धुता येतो. कागदाचा असेल तर पाणी लावायचे नाही, तो बदलायचाच असतो. गाडी धुताना वॉशिंग सेंटरवाल्याला जोराचा फवारा वायरींच्या जोडांवर आणि चाकाच्या मधोमध मारू देऊ नये. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल येते. त्यामुळे पावसाळ्यात टाकीच्या झाकणाचे रबर शाबूत आहे ना ते पाहावे, कारण टाकीत पाणी शिरले तर इथेनॉल त्या पाण्याला धरून तळाशी बसते आणि गाडी मिसिंग मारू लागते.

डिस्क ब्रेक, टॅपेट, क्लच प्लेट, इंजिन, वायरिंग यांना घरी हात लावू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. व्हिडिओत नट सहज सुटतो. आपल्या अंगणात तोच नट दहा वर्षे चिखल खाऊन बसलेला असतो, आणि जोर लावला की ॲल्युमिनियमचे आटे जातात. गाडी वॉरंटीत असेल तर सर्व्हिस अधिकृत केंद्रातच करून बिले जपून ठेवावीत. नंतर दावा करायचा तर तीच कामी येतात.

आता गॅरेजकडे वळू. आपल्या गावात गॅरेजवाला बहुधा नात्यातला, मोहल्ल्यातला किंवा एखाद्या जुन्या विद्यार्थ्याचा बाप निघतो. गाडी नेली की तो हातातले काम न सोडता म्हणतो, ‘‘सर, गाडी छोड के जाव, शाम को ले जाव.’’ आपण चावी ठेवून जातो. संध्याकाळी तो जो आकडा सांगतो त्यावर घासाघीस करतो. ही पद्धत दोघांच्याही तोट्याची आहे. गाडी देताना काय त्रास आहे ते नीट सांगावे: आवाज कुठून येतो, थंड असताना येतो की तापल्यावर, कोणत्या गिअरमध्ये. काम वाढले तर फोन करून विचार, असे बजावावे. बदललेले जुने पार्ट परत मागावेत आणि नव्या पार्टची पावती पाहावी. हा अविश्वास नव्हे. ज्याच्या हाती आपण घरच्यांचा जीव देतो त्याच्याशी व्यवहार स्वच्छ असावा, अमानत दोन्ही बाजूंनी असते. आणि त्याने सांगितलेली मजुरी आधी ठरली असेल तर संध्याकाळी ती पूर्ण आणि लगेच द्यावी. डॉक्टरांच्या फीवर आपण घासाघीस करत नाही. दिवसभर उकिडवे बसून ब्रेक जुळवणाऱ्याच्या पन्नास रुपयांवर मात्र आपला जीव अडकतो. उधारी तर विचारूच नका, ती बहुतेक आपल्यासारख्या पगारदारांचीच असते.

या माणसाच्या धंद्यापुढे आज मोठा प्रश्न उभा आहे आणि तो आपल्या घरांचाही आहे. सच्चर समितीने नोव्हेंबर २००६ च्या अहवालात मुस्लिम कामगारांचा वाटा लक्षणीय असलेल्या कामांमध्ये वाहनदुरुस्तीचा उल्लेख केला होता. आपल्याला त्यासाठी अहवाल वाचायची गरज नव्हती. कुठल्याही मोहल्ल्यात काळ्या हातांचे किती तरुण आहेत ते दिसतेच. हे कौशल्य उस्तादाकडून शागिर्दाकडे कानाने आणि बोटांनी आले आहे. कार्बुरेटरचा स्क्रू अर्धा आटा फिरवून, नुसता आवाज ऐकून गाडी लावून देणारे उस्ताद आपल्याकडे आहेत. पण १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले आणि नव्या गाड्यांतून कार्बुरेटर जवळपास गेला. त्याच्या जागी फ्युएल इंजेक्शन आले, सेन्सर आले, छोटा संगणक आला. आता बिघाड झाला की मीटरवर पिवळा दिवा लागतो आणि तो कशासाठी लागला हे स्कॅनर जोडल्यावर कळते. फक्त कानावर भरवसा ठेवणाऱ्या उस्तादाला ही गाडी काही सांगत नाही. मग ग्राहक शहरातल्या शोरूमकडे जातो, आणि मोहल्ल्यातल्या गॅरेजवर उरतात त्या जुन्या गाड्या. त्या तरी किती वर्षे पुरणार?

सरकारी मदत पाहावी तर १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा पारंपरिक व्यवसाय आहेत. लोहार आहे, सुतार आहे, शिंपी आहे, पण मोटार मेकॅनिक नाही. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत मात्र आधीपासून काम येणाऱ्याची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय ठेवलेली आहे. चाळिशीतल्या उस्तादाने असे प्रमाणपत्र घेणे आणि दोघा-तिघांनी मिळून एक स्कॅनर विकत घेणे, हे आम्हाला शोरूमशी लढण्यापेक्षा शहाणपणाचे वाटते. मोठ्या कर्जापेक्षा भागीदारी बरी.

आणि शागिर्द? शिक्षक म्हणून इथे आम्हाला गप्प बसवत नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत सातवी-आठवीतला पोरगा ‘काम शिकायला’ गॅरेजवर बसवला जातो आणि जूनमध्ये त्याची हजेरी कोरी राहते. २०१६ च्या सुधारित बालकामगार कायद्याने चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवण्यास मनाई आहे. घरच्या धंद्यात मदत करता येते, तीही शाळेचे तास सोडून आणि धोक्याचे काम वगळून. पण कायद्यापेक्षा आम्ही पालकांना दुसरे कारण सांगतो. वीस वर्षांपूर्वी सातवी सोडलेला मुलगा चांगला मेकॅनिक होऊ शकत होता. आज वायरिंगचा नकाशा, सेन्सरचे आकडे, स्कॅनरवरचे इंग्रजी कोड वाचता आले नाहीत तर तो आयुष्यभर पाना देणारा आणि गाडी पुसणाराच राहील. आयटीआयचा मोटार व्हेइकल मेकॅनिकचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे आणि त्याला दहावी लागते. म्हणजे ज्या पोराला मेकॅनिकच व्हायचे आहे त्याच्यासाठी दहावीचे विज्ञान आणि गणित हेही आता धंद्याचेच सामान झाले. तो सुट्टीच्या दिवशी उस्तादाकडे जाऊन बसला तर आमची तक्रार नाही, उलट त्याने जावे. आयटीआयमध्ये जे पुस्तकात शिकेल ते त्याच्या बोटांना आधीच माहीत असेल.

आमच्या वर्गात विद्युत परिपथाचा धडा आला की आम्ही वर्कबुक बाजूला ठेवून मुलांना आवारात उभ्या असलेल्या मोटारसायकलकडे नेतो. बॅटरी कुठे, फ्यूज कुठे, हॉर्न दाबला की वीज कोणत्या वाटेने जाते, हे दाखवतो. फ्यूज काढला की हॉर्न बंद, लावला की सुरू. त्या तासाला कुणी खिडकीबाहेर पाहत नाही. मागच्या बाकावरचा एक, ज्याला पाढे विचारले की घाम फुटतो, तोच सगळ्यांत पुढे येऊन सांगतो की सर, हा फ्यूज जळाला तर जास्त आकड्याचा टाकायचा नसतो, वायर जळते. कुठे शिकलास विचारले तर म्हणतो, चाचाच्या गॅरेजवर. त्याच्या अब्बांना आम्ही निरोप पाठवला आहे की दहावीचा निकाल लागताच आयटीआयचे प्रवेश ऑनलाइन सुरू होतात, त्याआधी शाळेचा दाखला आणि आधारवरचे नाव सारखे करून घ्या.

एक घरगुती गोष्ट राहिली. ऑइल कुणी घरी बदललेच, तर ते काळे ऑइल नालीत ओतू नका, दाराच्या चौकटीला वाळवीसाठी फासू नका, चुलीत तर अजिबात नको. आपल्या विहिरी आणि बोअर त्याच जमिनीखाली आहेत. रिकाम्या डब्यात झाकण घट्ट लावून ते गॅरेजवर नेऊन द्या. उस्तादाकडे त्यासाठी पिंप असते, आणि ते घेऊन जाणारा माणूसही त्याला माहीत असतो.